जनरलसाहेबांची चिकटलेली टोपी

मी विग करणारा. माणसं मी तोंडावरून नाही, डोक्यावरून ओळखतो. आमचे गव्हर्नर, जनरल कूर्वेझाक, तोफांना कधी भ्याले नाहीत. भीती एकच, आपलं टक्कल कुणाला दिसू नये. फ्रान्सपासून लांब, या बेटावरच्या अख्ख्या पोर्ट लुईत ते ठाऊक असलेला मी एकटा. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्यात पन्नाशीला साहेब प्रेमात पडले. विधवा मादाम केनेलना त्यांनी लग्नाचं विचारलं, आणि बाईंनी उत्तरासाठी रविवार नेमून दिला. प्रार्थनेनंतर, चर्चसमोरच्या चौकात.

नेमकी शनिवारी विगवर मारायची पावडर संपली. फ्रान्सचं जहाज महिनाभर लांबलेलं. गव्हाचं पीठ मागायला गेलो, तर पाववाला अंगावर धावून आला. "लोकांच्या पोटात नाही, आणि तुला डोक्यावर पाहिजे?" शेवटी मी साबुदाण्याच्या कंदाचं, म्हणजे साबुकंदाचं, पीठ फडक्यातून चाळलं आणि सकाळी साहेबांना पांढरंशुभ्र करून सोडलं.

"वास कसला येतोय रे, बार्नाबे?"

"पॅरिसची नवी फॅशन आहे, साहेब."

प्रार्थना संपली, साहेबांनी विगवर टोपी चढवली आणि बाहेर पडलो, तर वरून बुरबुर पाऊस आणि आतून साहेबांचा घाम. साबुकंदाच्या पिठात पाणी पडलं की काय होतं, हे इथल्या कुठल्याही धोबिणीला विचारा. कपड्यांना घालायची तिची चिकट खळ त्याचीच असते. पण मी कशाला विचारतोय? मी पडलो पॅरिसचा!

तेवढ्यात बंदरावरून एक कप्तान राजाचं पत्र घेऊन आला. जहाज एकदाचं लागलं होतं. राजाचं पत्र वाचताना डोक्यावर टोपी ठेवणं म्हणजे राजाच्या तोंडावर थुंकणं. चौकातल्या सगळ्या टोप्या उतरल्या. साहेबांनीही हात नेला. टोपी विगला घट्ट चिकटलेली. जोर लावला तसा विगच उचलला जायला लागला. त्यांनी घाईघाईने तो दाबून बसवला.

"गाढवा, काय फासलंस?" साहेब पुटपुटले.

"खळ, साहेब. टोपी निघाली तर सगळंच निघणार."

कप्तान खाकरला. "गव्हर्नरसाहेब, महाराज खोळंबलेत."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंचा पंखा थांबला होता. मला साहेबांची इतकी दया आली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि टोपी ओढली.

टोपीबरोबर विगही हातात आला. हसू दाबायला ढोलवाल्याने उगाचच ढोल बडवला. कप्तानाने पत्र वाचलं. राजाला आपल्या बागेसाठी दोन कासवं हवी होती. बस, एवढंच!

टोपी आणि विग एकाच हातात धरून साहेब बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "मादाम, आता नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

"केनेलबरोबर मी बावीस वर्षं संसार केला," बाई म्हणाल्या. "दिवसा विग, झोपताना टोपडं. त्यांचं डोकं मी पहिल्यांदा बघितलं ते शवपेटीत. तुमचं निदान लग्नाआधी दिसलं."

आणि चारचौघांत त्यांनी आपला तळहात साहेबांच्या टकलावर ठेवला. घामाबरोबर खळ आतही उतरली होती. हात सुटेना.

"ओढू नका," साहेब म्हणाले.

"मी कुठे ओढतेय?" बाई म्हणाल्या.