बटण दाबायचं नाही

“इंजिनिअर कधी येतील?”

“आलेत. बोला,” हर्षाली म्हणाली आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला.

दारातल्या माणसाला ते उमगायला जरा वेळ लागला. पन्नाशीचा, सावळा, शर्ट इस्त्रीचा पण प्रवासात चुरगळलेला. त्यानं लॅपटॉप दोन्ही हातांवर उघडाच धरला होता, वाढलेलं ताट आणावं तसा.

हा प्रश्न हर्षालीला नवा नव्हता. एम. जी. रोडवरच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात दहा बाय आठचा गाळा घेऊन तिला सहा वर्षं झाली होती. त्याआधी आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात एकवीस मुलगे आणि ती. मखमलाबादला वडिलांचा गुलाबाचा मळा होता. मल्हारी जेजुरकरांची पोरगी फुलं बांधायची सोडून सोल्डरिंग करते, याची गावात वर्षभर थट्टा चालली. मग एकदा तिनं सरपंचांचा टीव्ही दुरुस्त केला आणि थट्टा आपोआप थांबली. आता कोणी इंजिनिअर कुठंय म्हणून विचारलं, तर तिला राग येत नसे. काम बघून माणसं गप्प होतात, हे तिला ठाऊक होतं.

“हा बंदच होत नाही,” तो माणूस म्हणाला. “परवापासून. रीस्टार्ट म्हटलं तरी नाही. एक इंग्रजी चौकट येते. ती घालवली की पुन्हा जागच्या जागी.”

“कुठून आलात?”

“सुरगाण्याकडून. पहाटेच्या एसटीनं.”

“असाच, चालू?”

“असाच. झाकण लावलं आन् काही झालं तर?” त्यानं लॅपटॉप हलकेच टेबलावर ठेवला. “मी काळू भोये. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. इथं वरती दोन दुकानांत दाखवला. म्हणाले, बटण दाबून धरा, पाच सेकंदांत बंद पडेल.”

“मग?”

“नाही दाबलं. यात शब्द आहेत.”

हर्षालीनं खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर दोन रकाने होते, डावीकडं एक शब्द, उजवीकडं त्याचा मराठी अर्थ. तिनं खाली पाहिलं. एकसष्ट पानं.

“आमच्या कोकणीतले,” भोये सर सांगू लागले. “समुद्राकडची न्हवे, आमची डोंगरातली. पहिलीत पोर येतं. ते घरी आयीस म्हणतं, पुस्तकात आई असतं. ते पोसा म्हणतं, पुस्तकात मुलगा. पोराला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. म्हणून मग सगळे शब्द लिहायला घेतले. वहीतनं यात आणले, आन् दिवाळीच्या सुट्टीत नवे घातले.”

“सेव्ह कुठं करायचात?”

भोये सरांनी खिशातून एक काडेपेटी काढली. आत पेनड्राइव्ह होता. “शर्टाच्या खिशात राहिला. आमच्या मंडळींनी नदीवर धुतला.”

हर्षालीनं तो आपल्या मशीनला लावून पाहिला. काहीच हललं नाही. पण दुखणं तिच्या लक्षात आलं. फाइल उघडली होती त्या पेनड्राइव्हवरून. बंद कर म्हटलं की लॅपटॉप आधी फाइल जपून ठेवायला जायचा, जागा सापडायची नाही, चौकट यायची. चौकट घालवली की बंद होण्याचा बेतही रद्द व्हायचा.

“बिघाड काही नाही, सर. त्याला तुमचं लिहिलेलं टाकून जायचं नाहीये, एवढंच.”

“मग बटण दाबलं असतं तर?”

“सुट्टीतलं सगळं गेलं असतं.”

सहा वर्षांपूर्वी, दुकान नवं असताना, तिनं एका नर्सिंगच्या मुलीच्या कॉम्प्युटरचं बटण असंच दाबलं होतं. मुलगी भांडली नाही. दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिली आणि निघून गेली. त्यानंतर विचारल्याशिवाय हर्षालीनं कुणाचं बटण दाबलं नव्हतं.

तिनं फाइल दुसरीकडं ठेवायचा प्रयत्न केला. पडदा पांढरा पडला. आणि त्याच वेळी ट्यूबलाइट गेली, पंखा मंदावला. अकरा वाजले होते. लोडशेडिंग.

“बॅटरी किती आहे?” भोये सरांचा आवाज चिरकला.

“सात टक्के.”

टेबलाखाली यूपीएस बीप करायला लागला. त्यावर एका डॉक्टरांच्या कॉम्प्युटरचं काम चालू होतं, दीड तासाचं, अर्ध्यावर आलेलं. हर्षालीनं त्याची वायर उपसली आणि लॅपटॉपचा चार्जर तिथं खुपसला.

“हे काम पुन्हा पहिल्यापासून होईल. तुमचं नाही होणार,” ती म्हणाली. “आता हात लावायचा नाही. तो आपला आपण परत येईल.”

“आला नाही तर?”

“येईल.”

दोघं पांढऱ्या पडद्याकडं बघत बसले. बीप वाजत होते. तीन मिनिटांनी अक्षरं परतली. तिनं सगळा मजकूर रंगरूपासकट उचलायचा प्रयत्न केला, तर पडदा पुन्हा गोठला. आणखी दोन मिनिटं गेली. तो हलल्यावर तिनं माउसवरचा हात काढून घेतला.

“सर, काही शब्द लाल आहेत. का?”

“ते आता कोणी बोलत नाही. फक्त माझ्या आईला ठाऊक होते.”

“साध्या नोटपॅडमध्ये घेतलं तर शब्द वाचतील, पण लाल जाईल. रंगासकट घ्यायला गेलं की हा अडकतोय. आणि यूपीएस आता पाचेक मिनिटांचाच सोबती आहे.”

“आईला विचारून...” भोये सर थांबले. “आई श्रावणात गेली.”

हर्षाली घाई करा म्हणाली नाही. बीप आता जलद झाले होते.

“रंग जाऊ द्या,” ते म्हणाले. “शब्द ठेवा.”

तिनं सगळं उचललं, नोटपॅडमध्ये ओतलं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली, एकही मराठी अक्षर नाही. भोये सर उभेच राहिले.

“ताई, हे काय झालं?”

“बसा, सर. शब्दच आहेत. फॉन्ट लावला की दिसतील.” बोलताना तिची बोटं चालूच होती. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक तिच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर. दोन्ही उघडून पाहिल्या, शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग तिनं बंद करायची आज्ञा दिली. तीच इंग्रजी चौकट आली.

“हा विचारतोय, जुनी फाइल ठेवू का. नाही म्हणायचंय. तुम्हीच दाबा.”

भोये सरांनी बोट पुढं केलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं केलं आणि दाबलं. चौकट गेली. निळा पडदा आला, मग काळा. आतला पंखा थांबला. तळघरात एकदम शांत झालं. हर्षालीनं यूपीएस बंद केला.

वीज यायला एक वाजणार होता. तिनं डबा उघडला, अर्धी भाकरी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांच्या पिशवीत नागलीची भाकर होती, ती त्यांनी मोडून दिली.

“शाळेत मी पण हाय म्हणायचे,” हर्षाली जेवताना म्हणाली. “लय, नाय, हाय. बाई वर्गात उभं करायच्या. दोन महिने मी वर्गात तोंडच उघडलं नव्हतं.”

“मग?”

“मग शिकले ना. आता गिऱ्हाइकाशी बोलताना चुकूनसुद्धा नाय येत नाही.” ती हसली, पण पुरतं हसू आलं नाही.

दिवे आले. लॅपटॉप पहिल्या झटक्यात सुरू झाला. तिनं नोटपॅडमधला मजकूर वर्डमध्ये घेऊन मराठी फॉन्ट लावला आणि एकसष्ट पानांवर शब्द परत आले, सगळे काळे. नंतर पुन्हा एकदा बंद करून दाखवला, पुन्हा सुरू केला. भोये सरांना खात्री पटेपर्यंत तीनदा.

“सगळं छापून देते,” ती म्हणाली. “मशीनवर एवढा भरवसा बरा नाही. मीच सांगते.”

छापलेले कागद गरम होते. भोये सरांनी तिच्या टेबलावरचं लाल पेन मागून घेतलं आणि स्टुलावर बसून पहिल्या पानापासून लाल शब्द आठवायला लागले. एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायचे, क्षणभर थांबायचे, आणि खाली रेघ ओढायचे. हर्षाली डॉक्टरांचं मशीन पहिल्यापासून लावत होती. चारच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं, की पेन बराच वेळ हललेलं नाही.

“नाही आठवत?”

“शब्द आठवतो. लाल होता. पण समोर अर्थ नाही. आई म्हणाली होती, दळण झालं की सांगते.” त्यांनी पान तिच्याकडं वळवलं. उजवीकडचा रकाना कोरा होता.

“काढून टाकायचा का? लॅपटॉपमधल्या फाइलमधूनही काढते.”

“नाही. राहू द्या तसाच.”

त्यांनी शब्दाखाली रेघ ओढली आणि तो मोठ्यानं म्हटला. हर्षालीनं काम थांबवलं. तिनं तो त्यांच्यामागून म्हणून पाहिला.

“असाच ना?”

“असाच. फक्त शेवट जरा लांबवायचा.”

हर्षालीनं पुन्हा म्हटला, शेवट लांबवून.