गार कूलरची भानगड

आप्पासाहेब मिस्त्रींची सगळी हयात इंजिनात गेली, पण पोरीचा हा उद्योग काही त्यांच्या पचनी पडेना. इंजिनातलं ऑइल पायपातनं बाहेर काढायचं, रेडिएटरपुढं बसवलेल्या जाळीदार कूलरमध्ये वाऱ्यावर निववायचं आणि परत आत सोडायचं!

"ऑइल काय जत्रंला न्यायचंय व्हय गं?" ते म्हणाले. "एक पाईप निसटला तर इंजिन जाम. मग परत इंजिनाला हात लावायचा न्हाई, सांगून ठिवतो. पंक्चरी काढत बसायचं."

साक्षी हट्टाला पेटली होती. सांगलीतल्या त्यांच्या गॅरेजात जतच्या बिराप्पांची, भाड्यानं माणसं नेणारी वडाप जीप उभी होती. उन्हात माणसं कोंबून निघाली की हिचं ऑइल तापून पातळ व्हायचं आणि ऑइलचा लाल दिवा मिचमिचायचा. साक्षीनं फिल्टरच्या बुडाशी थाळी बसवली. ऑइल तापलं की थाळीतली झडप उघडणार आणि त्याला कूलरकडं धाडणार. बिराप्पांनी आधीच बनवून घेतलेले दोन पाईप घरनं आणले होते, ते तिनं जोडले, ताजं ऑइल ओतलं, आणि सरकी पेंडीची पोती भरून तिघं भर दुपारी कवठेमहांकाळपर्यंत जाऊन आले.

दिवा एकदाही लागला नाही. बिराप्पांनी बॉनेट उचलून कूलरवर हात ठेवला. "आयला, गारेगार हाय की!"

"जमलं की गं," आप्पासाहेब म्हणाले. बापाच्या तोंडून असलं काही ऐकायला ती तीन वर्षं आसुसली होती. गप्प बसली असती तर काय बिघडत होतं? पण नाही! किडा वळवळायला लागला.

"पप्पा, ह्यो गार कसा? चहा बशीत वतला की बशी चटकती. बशी गार हाय, म्हंजी चहा बशीत आलाच न्हाई."

"दिवा लागला का? न्हाई न्हवं? मग सुखाचा जीव दुःखात घालू नगंस."

"दिवा नव्या दाट ऑइलमुळं गप हाय. आठ दिसांनी बिराप्पामामांच्या गाडीत पंधरा माणसं असतील, तवा पेटंल."

आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. तिनं इंजिन निवू दिलं, कूलरकडं जाणारा पाईप सोडवला आणि कॉम्प्रेसरची हवा मारली. हवा पल्याड जाईना. वाकडी तार आत घालून ओढली, तर ऑइलनं चिंब झालेला काळ्या लोकरीचा बोळा बाहेर आला.

बिराप्पांचा चेहरा पडला.

"आमच्याकडं फुफाटा लय, पोरी. बाटली असू दे न्हाईतर पाईप, उघड्या तोंडात घरच्या मेंढरांची लोकर कोंबायचीच. काडीनं काढली हुती की मी. एक बोळा आतच सरकला वाटतं."

"आवं, इंजिनाचा मुडदा पाडला असता तुमी!" आप्पासाहेब कडाडले.

"हवा मारून बघायची मीच इसरले, पप्पा," साक्षी मधेच म्हणाली. तिला बोलायला जड गेलं, पण खरं ते खरं.

पाईप आणि कूलर तिनं डिझेलनं धुऊन काढले, हवा मारून कोरडे केले. फिल्टर नवा घातला, ऑइल परत भरलं. पुन्हा तीच पोती, तोच रस्ता. परत आल्यावर इंजिन बंद केलं आणि तिनं कूलरला नुसतं बोट टेकवलं.

"आई गं! भाजलं, पप्पा, भाजलं!" असं ओरडत ती चक्क नाचायलाच लागली.

आप्पासाहेबांचा काही विश्वास बसेना. त्यांनी अख्खा तळवा टेकवला, शिवी हासडली आणि ते थेट नळाकडं पळाले.

बिराप्पा त्यांच्या मागोमाग गेले. पोटापाण्याची गाडी त्यांची, काळजी सुटेना. "मिस्त्री, आता न्हाई न्हवं दिवा पेटायचा?"

आप्पासाहेबांनी तळवा पाण्याखालनं काढला नाही.

"मला काय इचारता?" ते म्हणाले. "मिस्त्री ती तिथं उभी हाय."

बिराप्पा वळले आणि तोच प्रश्न त्यांनी साक्षीला विचारला.