गावाची यादी

महेश्वरशेठांचं नवी पेठेतलं चादरींचं दुकान जुनं, आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगायची खोड त्याहून जुनी. हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ती खोड त्यात बसवायचं काम काउंटरवरच्या प्रियंकानं केलं. पोरगी हुशार. एकाच चादरीला तिनं तीन याद्या लावल्या: 'घरचे' चारशेवीस, 'शहर' चारशेऐंशी, 'गाव' पाचशेसाठ. यादी निवडली की भाव आपोआप बिलात.

"गावाला जास्त कशाला, शेठ?" तिनं एकदाच विचारलं.

"ते घासाघीस करत न्हाईत की."

पगार हजारानं वाढला आणि विषय संपला. आपण मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाची लेक आहोत, हे तिनं सोयीनं बाजूला ठेवलं.

शनिवारी तिचे वडील तात्याबा दुकानात आले. सोबत शेजारच्या अंबुबाई. नातीच्या लग्नाला त्यांना पाच चादरी हव्या होत्या. "आमची पोरगी हाय तितं, फसायची भीती न्हाय," असं सांगून तात्याबांनीच त्यांना आणलं होतं.

अंबुबाईंचं बिल करताना प्रियंकाचा हात 'शहर'वर थांबला. मागं उभे असलेले शेठ खाकरले. तिनं मुकाट्यानं 'गाव' निवडलं.

तात्याबांनीही स्वतःला एक चादर घेतली. "त्यांना घरची यादी लाव गं," शेठ मोठ्या मनानं म्हणाले.

तात्याबांनी चारशेवीस मोजून दिले आणि दोन्ही बिलं शेजारी धरली. आकडे त्यांना वाचता येत होते.

"चादर तीच न्हवं? मग भाव दोन कसं?"

"तुमची लेक आमची माणूस हाय की, मामा."

"आन् अंबुबाईला?"

"तो कॉम्प्युटरनं काढलेला भाव हाय," शेठ म्हणाले.

तात्याबा लेकीकडे वळले. "कॉम्प्युटरला कुणी सांगितलं?"

प्रियंकाला खोटं बोलावंसं वाटलं, पण वडील समोर होते. "मी, आबा. मावशीला गावाची यादी लावली."

"असू दे की," अंबुबाई घाईनं म्हणाल्या. "पोरीला कशाला बोलताय?"

त्या शब्दांनी प्रियंका मेल्याहून मेल्यासारखी झाली.

"माझं बिल फाड," तात्याबा म्हणाले. "मलाबी गावाच्याच यादीत घाल."

तिनं वडिलांसाठी 'गाव' निवडलं. पाचशेसाठ आले. तात्याबांनी वरचे एकशेचाळीस रुपये गल्ल्यावर ठेवले, अंबुबाईंचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि लेकीकडे न बघता पायऱ्या उतरले.