काट्या सैल ठेव

आप्पांनी वाट मोकळी करायला सांगितली, तेव्हा पहिला संशय आईला आला.

"अवं, गेणभाऊच्या वाटंवरच्या काट्या? काढायच्या?" तिनं दोनदा विचारलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "तेजे, डोक्याला ऑक्सिजन कमी पडतोय का गं?"

आप्पांना फुफ्फुसांचा फायब्रोसिस झाला होता. फुफ्फुसं घट्ट होत चालली होती आणि ती पुन्हा मऊ होणार नव्हती. दिवाळी बघतील का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी 'आहेत तोवर जपा' एवढंच सांगितलं होतं. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असे. मी जुन्नरच्या कॉलेजातून रजा काढून आळ्याजवळच्या आमच्या मळ्यात येऊन राहिले होते.

वाटेचं भांडण सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. गेणभाऊंचं रान आमच्या रानाच्या मागं. रस्त्याला लागायचं तर आमच्या बांधाकडेनं यायचं, नाहीतर ओढ्यात उतरून पलीकडची दरड चढायची. वीसेक वर्षांपूर्वी बांध कुणी कोरला यावरून जुंपली आणि आप्पांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. तेव्हापासून गेणभाऊंचा कांदा माणसांच्या डोक्यावरून ओढा ओलांडतो.

"त्यापरीस देवळाला घंटा द्या," आई म्हणाली. "नाव राहील मागं."

"घंटा वाजली की लोक देवाचं नाव घेत्यात. माझं कोण घेणार?" आप्पा थांबत थांबत बोलले. "मला मोरीपोतर जायला दम लागतो. आन् गेण्याची बायकू कुशाबाई डोक्यावर कांद्याची पिशवी घिऊन दरड चढती. हितनं खिडकीतनं दिसतं. मी हाय तवर तिथनं ट्रॅक्टर गेलेला बघायचाय. बास."

मलाही खरं वाटलं नाही. आप्पांनी कुणाला काही सहज दिलेलं माझ्या पाहण्यात नव्हतं. तरी मी काट्या ओढून बाजूला केल्या.

वाटेनं कुणी आलं नाही. कांदा काढून झाला होता. बायामाणसं पिशव्या घेऊन ओढ्याकडं निघायची, मोकळ्या वाटेपाशी क्षणभर थबकायची आणि तिच्याकडं साप पडल्यासारखं बघून पुढं जायची. आप्पा खिडकीतून बघत राहायचे.

शेवटी मी गेणभाऊंकडं गेले. ते कांद्याच्या ढिगाशी बसले होते. जवळ आळेफाट्याचा इस्माईल होता. कांदा बाजाराला तोच न्यायचा, पण त्याचा ट्रॅक्टर ओढ्यापलीकडं उभा असायचा.

"काका, वाट मोकळी आहे. ट्रॅक्टर थेट ढिगापाशी येईल."

"तुझ्या बापाचा डाव काय हाय, त्ये तुला तरी सांगितलंय का?"

"आप्पा आजारी आहेत, काका."

"आसंल. आजारी पडला म्हंजी चिमा बदलला व्हय?" त्यांनी एक कांदा उचलून त्याची पात पिरगाळली. "आज त्याच्या परवानगीनं गेलो, की उद्या तहसीलदारापुढं त्यो म्हणणार, मी मेहरबानीनं सोडत व्हतो. मेला आमचा हक्क!"

"आन् मातीत खिळं पुरलं आसतील तर?" इस्माईल म्हणाला. "टायर माझं हायेत, गेणभाऊ."

"आप्पा लिहून द्यायला तयार आहेत."

"त्येनं लिवलेलं वाचायला मला दोन वकील लागत्याल."

मी हे सगळं घरी सांगितलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दोन दिवसांनी गेणभाऊ स्वतःच आले. आजार बघायला म्हणून आले, आणि खरोखरच आजारच बघत बसले. नळी नाकापासून मशीनपर्यंत डोळ्यांनी तपासली. मशीनच्या मागं वाकून पाहिलं. आप्पांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर चौऱ्याऐंशी हा आकडा होता.

"किती पायजे?"

"पंच्याण्णवच्या वर," मी म्हटलं.

"मला लाव." त्यांच्या बोटावर सत्त्याण्णव आले. ते किंचित सुखावले आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्येला नळीतनं मिळतंय तरी ह्येचं कमी? मला काय बी न्हाई, तरी जास्त? मशीनच लबाड दिसतंय."

"न्हाय रं, गेण्या," आप्पा म्हणाले.

"मग खरं सांग. काय पायजे तुला?"

"काय न्हाय."

"काय नको म्हणणारा माणूस लई महागात पडतो, चिमा."

आप्पांनी त्यांना एकदा निरखून पाहिलं. मग एकदम कोपरावर उठले. नळी घसरली.

"मग ऊठ! नीघ! उद्या काट्या टाकतोय पुन्यांदा. आन् माझ्या रानात पाय ठिवलास, तर तंगडं मोडून हातात दीन!"

गेणभाऊंचा चेहरा खुलला.

"हां! ह्यो खरा चिमा! बघतोच कोण अडवतंय. वाट माझ्या बापाची हाय!" ते ताठ झाले, धोतर झटकलं आणि उंबऱ्यावर थांबून मला म्हणाले, "जप गं त्येला. लई खंगलाय."

आप्पांचा खोकला थांबायला बराच वेळ लागला. थांबल्यावर ते म्हणाले, "तेजे, काट्या टाक. पर सैल ठेव. आन् बारक्या घे, इस्माईलच्या टायरात जायला नकोत."

सकाळी ट्रॅक्टर आला. गेणभाऊ मडगार्डवर बसले होते, हातात कोयता. त्यांनी उतरून काट्या भिरकावल्या. एवढ्या सहज निघाल्या म्हणून त्यांना शंका आली असावी. ते थबकले, खाली वाकून माती निरखू लागले.

"अडवा त्येला!" आप्पा खिडकीतून ओरडले. "चोर! दरोडेखोर!"

घरात आई आणि मी, दोघीच. आई पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

"अडव की तूच, ये!" गेणभाऊंनी कोयता उंचावला आणि इस्माईलला पुढं घेण्याची खूण केली. ट्रॉलीतल्या बाया हसल्या. कुशाबाई रिकाम्या पोत्यांवर मांडी घालून बसली होती. तिनं आमच्या खिडकीकडं बघून बोटं मोडली.

मी आप्पांकडं पाहिलं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळे लाल झाले होते, मीटर एकोणऐंशीवर आलं होतं. हे सोंग होतं की जुना राग खरोखरच उसळून आला होता, मला ठरवता येईना. मोजायला माझ्याकडं तेवढं एकच यंत्र होतं, आणि ते फक्त श्वास मोजत होतं.

मी त्यांना निजवलं, नळी नीट बसवली. ट्रॅक्टर ढिगापाशी जाऊन थांबल्याचं ऐकू आलं.

"त्यांना एकदा खरं सांगू दे मला," मी म्हटलं.

"अजाबात न्हाय. कळलं तर उद्या यायचा बंद व्हईल." त्यांनी श्वास जुळवला. "आंब्यापाशी जमीन भुसभुशीत हाय. भरलेली ट्रॉली रुतंल. ती सगळी पिशव्या भराय लागली, की दोन पाट्या मुरूम टाकून ये."

"कुणी पाहिलं तर?"

"म्हणावं, वाट मोडायला आलीय."

मी फावडं घेतलं.