खोटं बोलण्याचं प्रायश्चित्त

मुलांच्या कबुल्या ऐकणं हे फादरांच्या मते जगातलं सर्वांत झोप आणणारं पुण्यकर्म होतं. शुक्रवारी शाळा सुटली की चर्चच्या कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या लाकडी खोलीत ते जाऊन बसत. जाळीच्या पलीकडे एकेक पोर गुडघे टेकायचं आणि तीच ती पापं हजर करायचं. धाकट्याला चिमटा काढला. आजीला उलट बोलले. परीक्षेत पुढच्याचं बघून लिहिलं. सगळ्या पोरांनी मिळून एकच धडा पाठ केला असावा, असा फादरांना दाट संशय होता.

पापं ठरलेली, तशी प्रायश्चित्तंही ठरलेली. खोटं बोलणाऱ्यासाठी मात्र फादरांचा खास नियम होता. नुसती प्रार्थना पुटपुटून सुटका नाही. ज्याच्याशी खोटं बोललास त्याच्याचकडे जाऊन खरं सांगायचं. आणि जाता जाता सगळ्यांना सरसकट एक वाक्य मिळायचं: "आणि मोठ्यांचं ऐकत जा." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी ते म्हटलं असतं.

त्या शुक्रवारी तर त्यांचं चित्त आणखीच थाऱ्यावर नव्हतं. सोमवारी त्यांना सरकारी समितीपुढे बोलायचं होतं. नवा कायदा येऊ घातला होता: मुलांवरच्या अत्याचाराची गोष्ट कुणी धर्मगुरूला खासगीत सांगितली, अगदी कबुलीत सांगितली, तरी त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, नाहीतर तुरुंग. कबुलीतला शब्द बाहेर न्यायचा नाही, हा तर चर्चचा सगळ्यांत कडक नियम. तेव्हा विरोधात बोलायला फादरांना निवडलं होतं, कारण ते बोलायला लागले की समोरचा नकळत मान डोलावतो. मुद्दा त्यांना बिनतोड वाटत होता. शब्द बाहेर जात नाही म्हणूनच माणूस तिथे तोंड उघडतो. भरवसा मोडला की कुणी येणारच नाही, मग कुणाचंच भलं होणार नाही.

त्यांच्या थोरल्या बहिणीला काही तो बिनतोड वाटत नव्हता. ताई लहान मुलांची डॉक्टर. तिला असं काही दिसलं की कळवण्याचं बंधन कायद्याने कधीचंच होतं. दोन गल्ल्या सोडून राहायची आणि अधूनमधून जेवायला यायची, भांडण तोंडी लावायला घेऊन.

"ठोंब्या," ती म्हणाली होती, "मी इतकी वर्षं फोन करतेय. माझ्याकडची गर्दी कमी झाली का?"

"ताई, तुझ्याकडे लोक ताप घेऊन येतात, पाप घेऊन नाही."

"पोरांना त्यातला फरक कळतो?"

फादर हसले आणि त्यांनी भाजी वाढून घेतली. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण आपण जिंकतोय असं वाटत असलं की माणसाला प्रश्न ऐकू येत नाहीत.

तर त्या शुक्रवारी रांगेच्या अगदी शेवटी जाळीपलीकडून एका मुलीचा आवाज आला. प्रार्थनेच्या वेळी जी एकटी गाते ती. बारा-तेरा वर्षांची असेल. आई बस चालवायची, त्यामुळे तालमीनंतर पोर पायरीवर तिची वाट बघत बसलेली दिसायची.

"फादर, मी आईशी खोटं बोलले. पोट दुखतंय म्हणाले, पण दुखत नव्हतं. गाण्याला जायला नको म्हणून."

"मग आईला खरं सांगून टाक," फादर म्हणाले. "आणि मोठ्यांचं ऐकत जा."

त्यांनी आशीर्वादाला हात उचलला. पण पलीकडचं कुणी उठेना.

"सरांचंपण ऐकायचं?"

"कुठल्या सरांचं?"

"गाण्याच्या."

गाण्याचे सर म्हणजे चर्चमध्ये वाजवणारे, मुलांना शिकवणारे, आणि रविवारी दुपारी फादरांशी बुद्धिबळ खेळणारे. ऐकायचंच की, असं म्हणायला फादरांनी तोंड उघडलंसुद्धा. नशीब, तेवढ्यात त्यांना पलीकडचा श्वास ऐकू आला. धावत आल्यासारखा श्वास होता तो, आणि पोर तर केव्हाची एका जागी बसली होती. फादरांची झोप खाडकन उडाली.

मग तिने सांगितलं. वाद्यांच्या खोलीचं दार सर आतून लावतात. जादा तालीम म्हणतात, पण गाणं होतच नाही. तिला ते आवडत नाही. सर म्हणतात, हे आपल्या दोघांचं गुपित. "मग पापपण दोघांचं ना, फादर?"

"नाही." आपला आवाज एवढा मोठा निघेल असं फादरांना वाटलं नव्हतं. ते हळू बोलायला लागले. "तुझं यात पाप नाही, बाळा. तीळभरही नाही. आणि मोठ्यांचं ऐकत जा म्हणालो ना, ते मी चुकलो. ते मी परत घेतो."

त्या खोलीत आजवर जाळीच्या अलीकडून कुणी चूक कबूल केली नव्हती.

"आता नीट ऐक. तू इथं सांगितलंस ते मला बाहेर कुणालाच सांगता येत नाही. तू समोर आलीस तरी मला तुलाही काही विचारता येत नाही. पण तू स्वतः बाहेर कुणाला सांगितलंस, आईला, डॉक्टरताईंना, नाहीतर मलाच, तर मग मी गप्प बसणार नाही. कळलं?"

"आईने विश्वास नाही ठेवला तर?"

"तर माझ्याकडे ये आणि बाहेर बोल. मी ठेवतो."

"आणि प्रायश्चित्त?"

"तेच. पोट दुखतंय म्हणालीस ना आईला? मग का म्हणालीस, ते खरं सांगायचं."

फादर घाईघाईने बाहेर येऊन अंगणातल्या बाकावर बसले. ती आली. बाकाशी थबकली, त्यांच्याकडे बघितलं, आणि फाटकातून निघून गेली. तिला हाक मारायची सोय नव्हती. एवढा मोठा माणूस मूग गिळून बसून राहिला.

संध्याकाळी खुद्द गाण्याचे सर डोकावले. "काय फादर, रविवारी डाव मांडायचा ना? आणि उद्या चारला तालीम आहे, मुलं उड्या मारत येतील बघा." फादर "बघू" म्हणाले. तालीम रद्द करावी? पण का, म्हणून हा विचारणार, आणि मग पोर कुणाकडे काय बोलली हे ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार? कबुलीत कळलेल्या गोष्टीवरून बाहेर बोटही हलवायचं नाही, असा नियम. हा नियम फादरांनी जन्मभर अभिमानाने मिरवला होता. आता तोच त्यांच्या उरावर बसला होता.

शनिवारी दुपारी ताई जेवायला आली. फादरांनी भाताचे डोंगर केले, दऱ्या केल्या, पण घास काही तोंडात गेला नाही.

"काय झालंय?"

"कुठं काय?"

"कुणी काही सांगितलंय तुला."

फादर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ताटाकडे बघत राहिले. ताईने त्यांना चड्डीत असल्यापासून ओळखलेलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"मी विचारणार नाही," ती म्हणाली. "पण एक ऐक. नियम तुमचा, आणि तो पाळायचं ओझं एखाद्या लेकराच्या डोक्यावर असेल, तर निदान लाज तरी वाटू दे."

"वाटतेय," फादर म्हणाले. याहून जास्त त्यांना बोलता येत नव्हतं.

ताईने ताटं उचलली, हात पुसले आणि परत येऊन खुर्चीत बसली. "मी आज संध्याकाळपर्यंत इथंच आहे. पाय दुखतायत माझे." तिचे पाय ठणठणीत होते. पण असल्या खोट्याला फादरांकडे प्रायश्चित्त नव्हतं.

चार वाजायला थोडा अवकाश असताना दार वाजलं. फादर असे धावले की वाटेतलं स्टूल आडवं झालं. दारात ती मुलगी आणि तिची आई. आईच्या अंगावर ड्रायव्हरचा गणवेश तसाच होता. पाळी अर्धी टाकून आली असावी.

"फादर, काल माझी पोर तुमच्याकडे कबुलीला आली होती. हिने तुम्हाला सांगितलं होतं?"

फादरांनी दार पुरतं उघडून धरलं.

"तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही रात्रभर हातावर हात ठेवून बसलात? तो माणूस इथंच आसपास फिरतोय! बोला ना! एरवी तर तोंडाला खळ नसते तुमच्या!"

हो म्हणणं निषिद्ध, नाही म्हणणं खोटं. फादरांचे डोळे भरून आले. ती बाई बोलत होती त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि त्यांना तेवढंही कबूल करता येत नव्हतं.

"आई, त्यांना नको विचारूस," मुलगी म्हणाली. "त्यांना नाही सांगता येत. तसा नियम आहे." मग ती फादरांकडे वळली. "आपण आता बाहेर आहोत ना?"

"हो, बाळा. बाहेर आहोत."

"मग सांगते."

आणि आईचा हात घट्ट धरून तिने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी मध्ये जाळी नव्हती. फादर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. ती थांबली तेव्हा ते म्हणाले, "माझा तुझ्यावर विश्वास आहे," आणि हातपाय मोकळे झाल्यासारखे कामाला लागले. वाद्यांच्या खोलीला कुलूप घातलं, फाटकावर जाऊन आलेल्या मुलांना घरी पाठवलं. सर अजून यायचे होते. तोवर ताईने मुलीला आत बसवून पाणी दिलं होतं आणि तिच्याशी हळूहळू बोलत होती.

"फादर," आई आता शांतपणे म्हणाली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "हिने मला सांगितलंच नसतं तर?"

"मला माहीत नाही," फादर म्हणाले. "सोमवारी समितीपुढे मी आधी हाच प्रश्न ठेवणार आहे. बाहेर कळलेली एकही गोष्ट आम्ही दाबली तर आम्हाला खुशाल तुरुंगात घाला, असं म्हणणार आहे. आणि कबुलीतलं… त्याबद्दल मला आता छातीठोक बोलता येत नाही, हेही तिथं सांगणार आहे."

"तेवढं पुरेल असं मला नाही वाटत."

"मलाही नाही," फादर म्हणाले.

ताईने फोन काढला. पोलिसांत मुलांसाठी वेगळा विभाग होता, नंबर तिला पाठ होता. मुलीने ग्लास खाली ठेवला.

"परत सगळं मीच सांगायचं?"

"नंतर पोलिसांतल्या एक बाई येतील, त्यांना," ताई म्हणाली. "तुला जमेल तसं, सावकाश."

"पण आत्ता?" तिने फादरांकडे बघितलं. "आत्ता तुम्ही सांगा ना. मी दमले."

फादरांनी बहिणीच्या हातातून फोन घेतला. आपलं नाव सांगितलं, चर्चचं सांगितलं, गाण्याच्या सरांचं पूर्ण नाव सांगितलं. भल्याभल्यांच्या माना डोलवणारा तो आवाज चांगलाच कापत होता, पण थांबला नाही. एका मुलीने मला सांगितलंय, असं म्हणून ते एकेक गोष्ट सांगत गेले. मुलगी आईला टेकून, कान देऊन ऐकत होती. शेवटची वेळ गुरुवारची, असं ते म्हणाले तेव्हा ती सरळ बसली.

"बुधवारी," ती म्हणाली.

"हो, बुधवारी," फादर फोनवर म्हणाले, "मी चुकलो, ती बरोबर सांगतेय," आणि ते पुढे सांगत राहिले.