सात नंबरचा जिओफोन

मित्रांनो, मी एक जुना जिओफोन आहे. नाव ऐकून बिचकू नका. मुठीएवढा डबा, खाली लोखंडी खिळा, पोटात चुंबक आणि तारेचं वेटोळं, एवढाच माझा संसार. जमीन जराशी हादरली की मी केबलमधून संगणकाला कळवतो.

तरुणपणी मी कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी होतो. तिथे जमिनीला हादरे देत. अखंड खडकातून लाट झपझप येते, भेगाळलेल्या खडकातून रेंगाळत. त्या उशिरावरून, गरम पाणी कोणत्या भेगेतून वर चढतं ते साहेब लोक शोधत. माझं फार कौतुक व्हायचं. मग नवी यंत्रं आली आणि मी सोलापूरच्या एका कॉलेजच्या कपाटात सहा वर्षं धूळ खात पडलो. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या कीर्ती मॅडमनी मला आणि माझ्या अकरा भावंडांना बाहेर काढलं. जेऊरजवळच्या एका वस्तीला एकच बोअर मंजूर झालं होतं. आधीची दोन कोरडी गेली होती. हेही गेलं, तर वस्तीतल्या केराबाईंची दोन मैलांवरून हंडा आणण्याची पायपीट काही सुटत नव्हती.

आम्हाला शेतात एका ओळीत रोवलं. मी सातवा. सगळे जेवायला गेले तेव्हा केराबाईंनी मला हात लावला आणि त्यांना चटका बसला. त्यांनी मला उपटून चार पावलांवर, लिंबाच्या सावलीत नीट रोवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जेवणानंतर जमिनीला हादरा द्यायला, ओळीच्या टोकाशी ठेवलेल्या लोखंडी पाटावर घण पडला. मी पाटापासून लांब गेलो होतो, म्हणून लाट माझ्याकडे उशिरा पोचली. पलीकडच्या टोकाला संगणकापाशी बसलेल्या मॅडम सरपंचांना म्हणाल्या, "सतीशराव, सात नंबरला उशीर दिसतोय. पाण्याची भेग तिथेच असणार. उद्या बोअरची गाडी बोलवा."

केराबाई मॅडमच्या जवळच उभ्या होत्या. "सातवं म्हंजी लिंबाजवळचं? बाई, त्ये मी हलवलं व्हतं. उनात लई तापलं व्हतं की."

"आवो मावशी, बोअर कोरडं गेलं असतं की," सतीशराव वैतागले.

"म्हनून तर सांगितलं."

मॅडम रागावल्या नाहीत. घाईत आपलंही चुकलं, असं म्हणून त्यांनी मला जागेवर रोवलं आणि पुन्हा मोजलं. खरा उशीर अकराव्यापाशी होता. दुसऱ्या दिवशी तिथे दोनशे फुटांवर पाणी लागलं. केराबाईंनी पहिला हंडा भरला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, कोरडं ठेवा, कपाटात विसरू नका. पण रोवलेल्या जागेवरून हलवू नका. आणि मायेपोटी हलवलंतच, तर केराबाईंसारखं सांगून टाका. जमिनीच्या पोटातलं मला कळतं, पण मला कुणी हलवलं हे सांगायला मला तोंड नाही.