शेवटच्या पायरीपुढे खोल

मिठाची ती भोकाभोकांच्या झाकणाची काचेची बाटली नेमकी पूर्वेच्या किनाऱ्यावर उभी होती... पंख्याच्या वाऱ्याने नकाशा उडू नये म्हणून नवऱ्याने न्याहारीच्या टेबलावर त्याच्या चार कोपऱ्यांना चार वस्तू ठेवल्या होत्या — चष्म्याचं घर, खोलीची किल्ली, ताईंच्या गोळ्यांची डबी आणि ही बाटली — आणि बेटाच्या पूर्वेचा कडा, त्याखालची चिमुकली खाडी, खाडीतला काळा ठिपक्याएवढा खडक, सगळं त्या मिठाखाली गेलं होतं. बाटली उचलली असती तर दिसलं असतं. पण तिचा हात टेबलाखाली मांडीवर होता आणि मांडीवर तिचं बोट आपोआप चालू होतं.

सवयच ती. अख्खी नोकरी न्यायालयात लघुलेखनात गेलेली. न्यायाधीश बोलायचे, वकील तावातावाने भांडायचे, साक्षीदार अडखळायचे, आणि ती सगळ्यांचं सगळं टिपायची, खोकला तेवढा सोडून. आता नवरा बोलत होता आणि तिचं बोट त्याची वाक्यं मांडीवर वाकड्यातिकड्या रेघांत उतरवत होतं. पश्चिमेचा बरा. पाणी उथळ आहे. छत्र्या आहेत. जिवाला घोर नाही.

परवा हॉटेलसमोरचा किनारा झाला होता, तळ्यासारखा, ढिम्म. काल उत्तरेचा, जिथे पाण्यात दोरी बांधून लाल गोळे सोडले होते आणि त्यांच्या अलीकडे माणसं बाजारात उभी असावीत तशी उभी होती. दोन्हीकडे पाणी गुडघ्यापर्यंत. दोन्हीकडे नवऱ्याने आधी स्वतः आत जाऊन, पाय चाचपत, मग मागे वळून ‘या’ म्हटलं होतं. आयुष्यभर त्याने इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. कुठल्याही वस्तूकडे, ही तुटली तर काय होईल, याच नजरेने तो बघायचा. आणि समुद्र तर काय... समुद्र त्याच्या लेखी तुटलेलाच होता.

त्याचं चुकत नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ कॉलेजात असताना मित्रांबरोबर धरणावर गेला होता, तो परत आला नाही. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा दुःख अजून ओलंच होतं. पहिल्याच आठवड्यात, भाजी निवडता निवडता, सासूबाईंनी मान वर न करता विचारलं होतं, “तुला पोहता येत नाही ना गं?” त्या ‘ना’मध्ये असं काही होतं की तिच्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं. एवढंसं ‘नाही’. एका बाईला जरा बरं वाटावं म्हणून दिलेलं. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी मोठी होऊन आपल्या संसाराला लागली, पण ते ‘नाही’ घरातल्या जड कपाटासारखं जागचं हललं नाही. कुणी सरकवायचं? आणि कशासाठी?

“ताई, तुम्हाला चालेल ना पश्चिमेचा?” नवरा विचारत होता. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तिची नणंद.

“मला मेलीला काय, सावली आणि पाठ टेकायला खुर्ची असली की झालं,” पपईची फोड तोंडात टाकत ताई म्हणाल्या. “मला सगळे समुद्र सारखेच ओले.”

“आणि तुझं काय?”

विचारायची रीत म्हणून त्याने विचारलं. तुम्ही ठरवाल ते — उत्तर जिभेवर तयार होतं, इतक्या वर्षांनी गुळगुळीत झालेलं. आणि त्याच क्षणी तिला पोटावर तो घट्टपणा जाणवला. सकाळी कुणी उठायच्या आत, न्हाणीघराचं दार लावून, तिने कपड्यांच्या आतून पोहण्याचा पोशाख चढवला होता. निघायच्या आधी दुकानात जाऊन घेतला तेव्हा ‘मुलीसाठी हवाय’ असं विक्रेतीला सांगितलं होतं, आणि विक्रेतीने तिच्याच मापाचा काढून दिला होता. सकाळी तो घालताना मी काही ठरवलं नव्हतं... खरंच? ठरवलं नव्हतं तर बसल्या जागी हे धाडधाड कसलं चाललंय छातीत?

तिने बाटली उचलली. बाजूला ठेवली. आणि जे बोट मांडीवर दुसऱ्यांची वाक्यं लिहीत होतं ते नकाशावर टेकवलं.

“मला इथे जायचंय.”

“तिथे?” तो हसला. “अगं, काल तो गाडीवाला काय म्हणाला? शेवटच्या पायरीपुढे एकदम खोल. आपण काय करणार तिथे, पायऱ्यांवर बसून?”

“पोहणार.”

“कोण?”

“मी.”

ताईंचं चावणं थांबलं.

“तुला कुठे पोहता येतं?”

“येतं.”

“कधीपासून?”

“तुमच्या आधीपासून.”

“घ्या!” ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना कुणीच हसत नाही हे लक्षात आलं.

गाडीत तो पुढे बसला. चिडला असता तर सोपं होतं. तो चिडला नव्हता, मांड्यांवर हात ठेवून पुढच्या काचेतून बघत होता. रस्ता चढत गेला, झाडी दाटली, आणि तिला आत्या आठवली... दवाखान्यात परिचारिका असलेली, बोलायला फटकळ आत्या, जिने दगडाच्या जुन्या खाणीत साठलेल्या पाण्यात हिला लहानपणी कमरेला दोर बांधून सोडलं होतं. “पाण्याशी भांडू नकोस, बाई, त्याच्यावर रेल! त्याला तुझं ओझं होत नाही.” मग एके दिवशी खाणीच्या मध्यावर तिने स्वतःच दोराची गाठ सोडली होती, आणि काठावरून आत्या ओरडली नव्हती, तिने नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. ते टाळ्यांचं वाजणं चारी भिंतींवरून परत आलं होतं. एवढं माझं काहीतरी होतं, आणि ते मी कुठे ठेवून दिलं होतं?

पायऱ्या कड्यात खोदलेल्या होत्या, ओल्या, शेवाळलेल्या. खाली पाणी हिरवंगार, तळ न दाखवणारं. दूर तो खडक, आणि त्याला वळसा घालून पोहत येणारी दोन डोकी. ताई वरच्या पायरीवरच बसल्या. तिने कपडे काढून घडी करून ठेवले. नवऱ्याने तो पोशाख पाहिला, आणि हे आत्ता टेबलावर सुचलेलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

“नको गं,” तो हळूच म्हणाला. “माझ्यासाठी.”

त्याने हट्ट केला असता तर तिनेही केला असता. पण हे ‘माझ्यासाठी’... तिचा पाय पायरीवर घोटाळला. वळावं. कपडे घालावेत. पश्चिमेला छत्र्या आहेत.

“जाऊ दे तिला,” वरून ताईंचा आवाज आला. मघाची थट्टा त्यात औषधालाही नव्हती. “आपल्या धाकट्याला नेलं पाण्याने, नेलं. हिला किती वर्षं काठावर धरून बसणार आहेस?”

त्याने तिचा दंड धरला होता, हे तिला तो सुटला तेव्हा समजलं.

शेवटची पायरी. आणि पुढे काहीच नव्हतं.

गार! नाकातोंडात खारट पाणी, कानात घुमणं, हातपाय भलतीकडेच — विसरले, मी सगळं विसरले, साठीला टेकलेली बाई, काय हा शहाणपणा — ती धडपडली, पाण्याशी भांडली, जीव खाऊन भांडली, आणि मग दमून का होईना, रेलली. पाण्याने तिला घेतलं. काही विचारलं नाही, घेतलं. खांदा उचलला गेला, हात पुढे गेला, मागोमाग दुसरा, तोंड आपोआप हवेकडे वळलं, आणि शरीर, ते गुडघे कुरकुरणारं, जिन्यात धाप लागणारं शरीर, असं सरळ निघालं की जणू कालच खाणीतून बाहेर आलं होतं. तिला हसू फुटलं. हसताना पाणी प्यायली, पुन्हा हसली. कुणाचंही वाक्य डोक्यात नव्हतं. बोटं आता काहीही टिपत नव्हती, पाणी मागे ढकलत होती, बस्स!

खडक खरबरीत होता. कोपर खरचटलं, गुडघा सोलला, तिसऱ्या खेपेला ती वर चढली आणि दोन्ही तळवे टेकून बसली. छाती भात्यासारखी चालली होती. मग मागे वळून पाहिलं. कडा, पायऱ्या, वर ताईंची पांढरी छत्री... आणि खाली, शेवटच्या पायरीवर, पँटसकट कमरेपर्यंत पाण्यात, एका हाताने कड्यात ठोकलेली लोखंडी कडी धरून उभा असलेला तिचा नवरा.

तो एवढा कधी उतरला? मला आणायला?... की नुसता उतरला? त्याने मोकळा हात वर केला. ये असं म्हणत होता की दिसलीस असं, इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. तिनेही हात वर केला. ओरडून काही सांगावं असं वाटलं, पण जे तोंडाशी आलं त्याला शब्दच नव्हते, नुसताच एक मोठा “ओ!” होता, आणि तो तिने मोकळ्या गळ्याने दिला. कड्यावर बसलेले पक्षी भर्रकन उडाले.

परत तर जायचंच होतं. दंड थरथरत होते, कोपर चुरचुरत होतं, आणि इथून बघताना मधलं पाणी येतानापेक्षा बरंच जास्त दिसत होतं. तिने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजलं... असू दे, तिच्या मनात आलं. आणखी थोडं असतं तरी चाललं असतं.